मोडका विळा

मुलाखतीत पहिलाच प्रश्न इंग्रजीतून आला, "आर यू नेटिव्ह?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "येस सर, नेटिव्ह फलटण." टेबलापलीकडचे सर असे हसले, की बाहेरच्या खोलीत टाइप करत बसलेल्यांनी माना वर केल्या. माझं काय चुकलं ते मला कळेना. आमच्याकडे नेटिव्ह म्हणजे गाव. एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूससुद्धा विचारतो, नेटिव्ह कुठलं तुमचं? माझे वडील, आण्णा, फौजेत होते. पलटणीत नवा पोरगा आला की नाव नंतर, आधी नेटिव्ह विचारायचं, असं ते सांगायचे. मी फलटणच्या पलीकडच्या गावची. प्रश्न सरळ होता, उत्तरही सरळ होतं.

सरांनी डोळे पुसत समजावलं. इथे नेटिव्ह म्हणजे ज्याची मायबोलीच इंग्रजी आहे तो. इंग्लंडात नाही तर अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात जन्मलेला. "तुम्ही ईएसएल, मॅडम." म्हणजे इंग्रजी ज्यांची दुसरी भाषा, ते. माझ्या बाबतीत ती चुकून दुसरी झाली होती असं त्यांच्या बोलण्यावरून वाटत होतं. पुढे कितीतरी वेळा माझ्या मनात आलं, की एकेकाळी गोरे लोक आम्हालाच नेटिव्ह म्हणायचे आणि त्याचा अर्थ कमी दर्जाचे असा होता. आता आम्ही नेटिव्ह नाही आणि त्याचाही अर्थ तोच आहे. शब्द फिरला, आम्ही जागच्या जागी. पण त्या दिवशी मला नोकरी हवी होती, म्हणून मीही हसले.

नोकरी लिहिण्याची होती. सांगलीत विश्रामबागेकडे दोन खोल्यांचं ऑफिस, बाहेर पाटी शैक्षणिक सल्ला केंद्राची. आत आम्ही परदेशातल्या विद्यार्थ्यांचे निबंध, प्रकल्प आणि प्रबंध लिहून द्यायचो. त्यांनी वर आपलं नाव टाकायचं आणि कॉलेजात द्यायचं. धंदा खोटा आहे हे पहिल्या दिवशी कळतं, आणि महिनाभरात माणूस त्याविषयी बोलायचं सोडून देतो. तासिका तत्त्वावर कॉलेजात इंग्रजी शिकवून मी थकले होते. तिथे तास लावणारे मला वर्षभर झुलवत ठेवायचे, इथे निदान रोज काम होतं.

आमच्या वेबसाइटवर पुस्तकांच्या कपाटापुढे हसणारे गोरे स्त्रीपुरुष होते. ते चेहरे विकत आणलेले. खाली लिहिलं होतं, आमचे सर्व लेखक नेटिव्ह आहेत. खरे नेटिव्ह तिघंच होते, ते आपापल्या देशात आपापल्या घरी बसायचे. बाकी सगळं लिखाण सांगली, मिरज आणि माधवनगरचं. अलीकडे तर संगणकच फुकटात निबंध लिहून देतो, त्यामुळे धंदा बसेल असं आम्हाला वाटलं होतं. झालं उलटंच. मास्तर लोक संशयाने वाचायला लागले, आणि पोरांना माणसाच्या हातचं, त्यातही नेटिव्ह माणसाच्या हातचं हवंसं झालं. गावरान अंड्याला भाव येतो तसा नेटिव्हला भाव आला.

आम्ही लिहिलेलं प्रत्येक पान बाहेर जाण्याआधी त्या तिघांपैकी एकाकडे जायचं. त्याला पॉलिश म्हणायचे. माझी पानं बहुतेक वेळा इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा गावातल्या एका माणसाकडे जायची. आम्ही कुणी त्याला पाहिलं नव्हतं, फक्त त्याचे संदेश यायचे. माणूस वाईट नव्हता, दर वेळी आभार मानायचा. पण लिहिताना कुठे स्वल्पविराम विसरायचा, कुठे साध्या शब्दाचं स्पेलिंग चुकवायचा. मी एकदा त्याची चूक दुरुस्त केली, तर सर धावत आले. "राहू दे, राहू दे मॅडम! ती अस्सल मालाची खूण आहे." त्याने चुकलं की शैली आणि आम्ही शैली केली की चूक, असा सगळा हिशेब. "तुमच्या इंग्रजीला इस्त्री फार आहे," ते मला म्हणायचे. "एक सुरकुती नाही. कुणी बोलतं का असं?" कोणी बोलत नव्हतं, खरं आहे. मी इंग्रजी बोलायला शिकलेच नव्हते, वाचायला शिकले होते. पत्राखाली आम्ही सवयीने आपल्याकडचं सरकारी 'काइंडली' लिहिलं, तर सर म्हणायचे, "गेली, सांगलीची हळद गेली गिऱ्हाइकाच्या नाकात!"

हे सगळं मी सोसलं असतं. पण नेटिव्ह आणि ईएसएल यांच्यात एक फरक होता तो मला रोज बोचायचा. नेटिव्ह घरी बसून काम करायचे. आम्हाला मात्र ऑफिसात, डोक्यावर कॅमेरा लावलेल्या खोलीत बसावं लागायचं. आमच्यावर भरवसा नाही, असं सर तोंडावर म्हणायचे. आई गेल्यापासून आण्णा गावात एकटे होते. भाऊ फौजेत, सीमेवर. आण्णांच्या गुडघ्याने दगा दिलेला, तरी म्हशीचं आणि उसाचं तेच बघायचे, भाकरी स्वतः थापायचे. मी माधवनगरला भाड्याच्या खोलीत राहायचे. तिथून सांगली, सांगलीहून सातारा, साताऱ्याहून फलटण आणि पुढे गाव, यात रविवार संपून जायचा. भाकरी टाकली की परत फिरायचं. मला घरी राहून काम करायला मिळालं असतं, तर मी गावाकडे जाऊन राहिले असते. एवढीच माझी हाव होती. ऑफिसात एकदा असं झालं होतं, की मिरजेच्या एका मुलाचं इंग्रजी गिऱ्हाइकांना खपलं आणि सरांनी त्याला कागदोपत्री नेटिव्ह करून टाकलं, एक विलायती नाव दिलं आणि लॅपटॉप देऊन घरी पाठवलं. म्हणजे दार होतं. मी त्या दारावर डोळा ठेवून बसले होते. घरी जायचं तर आधी नेटिव्ह व्हायचं, आणि नेटिव्ह व्हायचं तर फलटण पुसायचं.

एका पावसाळ्याच्या शेवटी ते काम आलं. इंग्लंडात शिकणारा मुलगा, आडनावावरून आमच्याच बाजूचा, पण जन्म तिकडचा. त्याला पदव्युत्तर प्रबंध लिहून हवा होता, आणि विषय काय, तर सातारा जिल्ह्यात ऊस तोडायला येणारे स्थलांतरित मजूर. अट एकच, लेखक नेटिव्ह पाहिजे. ज्याच्या आजोबांचं नेटिव्ह फलटणजवळ असेल, त्याला नेटिव्ह लेखक हवा, म्हणजे फलटणचा सोडून कुठलाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते असं.

सरांनी ते काम त्या उत्तरेकडच्या माणसाला द्यायचं ठरवलं. मी त्यांच्या टेबलापाशी गेले आणि बसायला न सांगता बसले.

"सर, हे मी लिहिते."

"अट वाचली का मॅडम?"

"वाचली. पण आमच्या शेताच्या बांधाला त्या लोकांच्या खोपी पडतात. त्या साहेबांनी ऊस रसवंतीत तरी बघितलाय का?"

सर हसले. मग खुर्चीत मागे रेलून विचार करू लागले. शेवटी म्हणाले, "लिहा तुम्ही. पॉलिश तो करेल. याला चांगले गुण पडले, तर तुम्हाला नेटिव्हमध्ये घेतो. मग बसा जाऊन म्हशीशेजारी लॅपटॉप घेऊन."

मी ते वाक्य त्याच दुपारी फोन करून आण्णांना सांगितलं. आण्णा म्हणाले, "म्हशीला बी इंग्रजी यायला लागंल मंग." त्यांना आनंद झाला की असंच काहीतरी बोलतात.

प्रबंधासाठी मजुरांच्या मुलाखती हव्या होत्या. त्या मुलाने एकही घेतली नव्हती. सर म्हणाले, "तुम्हीच तयार करा की चार." मला ते जमलं नाही. बाकी सगळा धंदा खोटा होता, पण या मजुरांची तोंडं मला खोटी करवेनात. हंगाम सुरू झाला, कारखान्याची धुराडी पेटली, आणि मी रजा टाकून गावी गेले. बीडकडची टोळी आली होती. पाचटाच्या खोपी, बाहेर चुली, आणि बैलगाड्यांची रांग. आण्णांनीच मुकादमाला सांगून बसवून दिलं.

मी आण्णांना म्हणाले, "कोयता कसा सांगू आण्णा इंग्रजीत?"

"कोयता म्हंजी कोयता."

"तसं नाही. बारा कोयत्याची टोळी म्हणतो ना आपण?"

"आगं, कोयता म्हंजी नवराबायको! एवढं बी म्हाईत न्हाई व्हय त्या लोकास्नी?"

नव्हतं माहीत, कुठून असणार? ऊसतोडीला नवरा आणि बायको जोडीने येतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, वाहते. दोघं मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. कोयता आजारी पडतो, कोयता पळून जातो, कोयत्याचा खाडा धरतात. आणि एकटं माणूस आलं, तर तो अर्धा कोयता. त्या टोळीत अशी एक बाई होती. माझ्याच वयाची असेल. नवरा दोन हंगामांमागे गेला होता, दोन मुली बरोबर होत्या. मी तिला नाव विचारायच्या आधीच ती मुकादमाकडे मान करून म्हणाली, "म्या अर्धा कोयता हाये ताई. माझं काय लिवता?" मी तिच्याशीच सगळ्यात जास्त बोलले. ती मोळी बांधता बांधता बोलायची आणि मी उसाच्या पाल्याने हात चिरून घेत तिच्या मागे मागे. हे काम जमलं की मी इथे घरीच राहायला येणार, हेही मी तिला सांगून बसले.

त्यातून लिहिलेलं प्रकरण हे मी आयुष्यात इंग्रजीत लिहिलेलं सगळ्यात चांगलं लिखाण आहे. हे बोलायला मला लाज वाटत नाही. इस्त्री मोडली होती. 'कोयता' हा शब्द मी तसाच ठेवला, आणि पहिल्यांदा आला तिथे खाली टीप दिली, की कोयता म्हणजे ऊस तोडायचं जड, वाकडं पातं, आणि कोयता म्हणजे ते चालवणारं जोडपं. अर्ध्या कोयत्यावर तर दोन पानं लिहिली. ज्या भाषेत माणसाला हत्याराच्या नावाने मोजतात, तिथे विधवा म्हणजे काय, असं काहीतरी.

फाइल पॉलिश होऊन परत आली. त्या उत्तरेकडच्या माणसाने टीप काढून टाकली होती, अडखळायला होतं म्हणून. आणि परका शब्द वाचकाला खुपतो म्हणून जिथे जिथे कोयता होता तिथे तिथे 'सिकल' केलं होतं. सिकल म्हणजे विळा. ऊस विळ्याने तोडत नाहीत, विळ्याने गवत कापतात, हे त्याला कोण सांगणार? पण ते सोडा. आता माझा प्रबंध असा वाचायला येत होता: मुकादमाने बारा विळ्यांना उचल दिली. विळा आजारी पडला तर त्याचे पैसे कापले जातात. गेल्या वर्षी एक विळा रानातच बाळंत झाला. अर्ध्या कोयत्यापाशी मात्र तो थबकला असावा. अर्धा विळा त्याला चमत्कारिक वाटला असणार. त्याने तिथे लिहिलं होतं, मोडका विळा. टोळीबरोबर एक मोडका विळाही आला होता. मोडक्या विळ्याला दोन मुली होत्या.

मी ते वाचलं आणि मला रडूच आलं, रागाने. माझं वाक्य कापलं असतं तर मी गिळलं असतं. इथे माणसंच कापून टाकली होती, एकही शिल्लक ठेवलं नव्हतं.

मी त्याला लिहिलं. सगळं समजावून, इस्त्री करून लिहिलं. त्याचं उत्तर आलं, मुद्दा रोचक आहे, आभारी आहे, पण आता वाचायला जास्त ओघवतं झालंय असं मला वाटतं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो माणूस वरून शेळ्या हाकतो, पण त्याचा आवाज किती सभ्य असतो हे म्हणीत सांगितलेलं नाही. मग मी सरांकडे गेले. सर म्हणाले, "तो नेटिव्ह आहे मॅडम. तिकडच्या कानाला काय बरं लागतं ते त्याला कळतं."

"सर, विळा बाळंत कसा होईल?"

"काव्य असतं हो. तुम्ही एमए इंग्लिश ना?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. फाइल गेली. मी मनाची समजूत घातली, की तिकडे कुणीतरी जाणकार मास्तर वाचेल, विचारेल की हा काय वेडेपणा आहे, आणि माझी मूळ फाइल काढावी लागेल. मी वाट बघत होते ती चूक पकडली जाण्याची. आपलं लिखाण नापास व्हावं म्हणून वाट बघत बसणं हे फक्त या धंद्यातच माणसाला करावं लागत असेल. आण्णा फोनवर विचारायचे, "लागला का निकाल?" मी म्हणायचे, लागेल.

निकाल लागला. सर साताऱ्याचे कंदी पेढे घेऊनच ऑफिसात आले. प्रबंधाला सर्वोच्च श्रेणी मिळाली होती. मुलगा खूश होता, पुढचं सगळं काम आम्हालाच देणार होता, आणि त्याने प्राध्यापकांचा शेरा पाठवला होता. सरांनी तो उभं राहून वाचला. प्राध्यापकांना माहिती आवडली होती, मांडणी आवडली होती, पण ते भारावले होते ते मोडक्या विळ्याने. शोषणाचं इतकं विलक्षण रूपक आपण बरेच दिवसांत वाचलं नव्हतं असं त्यांचं म्हणणं होतं. आणि ही प्रतिमा इंग्रजी ज्याच्या हाडामांसात आहे त्यालाच सुचू शकते, असंही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात पेढा होता.

"सर, तो मोडका विळा म्हणजे बाई आहे," मी म्हणाले.

"कोण बाई?"

"आमच्या शेतावर ऊस तोडते ती. नवरा वारलाय. जिवंत बाई आहे. रूपक नाही ती."

सर जरा ओशाळले. मग म्हणाले, "असू दे की मॅडम. ती कुठे वाचायला येणार आहे?"

माझ्यापाशी याचं उत्तर होतं, की ती नाही पण मी तर वाचलं. ते मी बोलले नाही. पण मला आणखी एक विचारायचं होतं, आणि ते विचारल्याशिवाय मी जागची हलणार नव्हते. मी म्हणाले, "गुण पडले सर. मग माझं नेटिव्हचं?"

सरांनी मला आत बोलावलं. दार लावून घेतलं. अगदी समजुतीने बोलले, आणि मला सगळ्यात जास्त राग त्या समजुतीचाच आहे. "लिखाण तुमचंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण प्राध्यापकांनी नाव काढलं ते कशाचं? विळ्याचं. आणि विळा कुणाचा? त्याचा. तुमच्या मनासारखं झालं असतं तर तुम्ही अर्धा कोयताच ठेवला असता ना?"

"हो."

"मग? तुम्हीच सांगा."

त्यांच्या हिशेबाने सगळं बरोबर होतं. मी बरोबर होते म्हणून नापास झाले होते. मी जर विळा लिहिला असता, त्या बाईला मीच मोडकी करून ठेवलं असतं, तर आज मला लॅपटॉप मिळाला असता. "अजून थोडा सराव करा," ते म्हणाले. "ती फाइल पुन्हा पुन्हा वाचा. असं लिहायचं असतं." मी त्या माणसाचा आजही द्वेष करते, आणि आजही त्याच्याच ऑफिसात बसते. दुसरीकडे कुठे जाऊ? तास लावणारे कॉलेजवाले मला पुन्हा झुलवायला तयारच होते. त्या दिवशी दुपारी माझ्यापुढे नवीन काम आलं. परिचारिकेचं शिक्षण घेणाऱ्या कुणा मुलीचा निबंध, रुग्णाचं दुःख मी कसं समजून घेतलं या विषयावर. मी तो संध्याकाळपर्यंत लिहून दिला. तो पॉलिश होऊन आला तेव्हा मी उघडूनही बघितला नाही.

उन्हाळा लागला तसा आण्णांचा फोन आला. नेहमीसारखं म्हशीचं सांगितलं, गुडघ्याचं विचारलं तर उडवून लावलं. मग म्हणाले, "कारखाना बंद झाला बग. टोळी गेली आज. गाड्या जुपल्या, पोरं बसिवली, गेली आपापल्या गावास्नी."

"ती दोन पोरींवाली पण गेली?"

"व्हय, गेली की. जाताना दारात आलती. इचारत हुती, ताई न्हाई आल्या व्हय घरी ऱ्हायला? म्हणलं, न्हाई बाय, तिचं काम न्हाई संपलं अजून."

"मग?"

"मग काय. म्हणली, आमचा तरी कारखाना बंद हुतो."